पॅक फोडण्याआधी विचारायचा प्रश्न

वाचकाचं पत्र:

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं त्वचारोगाचं क्लिनिक आहे. मागच्या खोलीत छोटी मायनर ओटी, म्हणजे लहान शस्त्रक्रियांची जागा, आहे. चामखीळ, मस, गाठी, फाटलेल्या कानाच्या पाळ्या, बायोप्सी, कोडाचं ग्राफ्टिंग (पांढऱ्या डागांवर निरोगी त्वचा लावणं) असं काम चालतं. संध्याकाळी मावशी पिशव्या बांधायला घेतात, तेव्हा एवढ्याशा कामाचा एवढा कचरा बघून जीव कासावीस होतो. सिस्टर 'उगाच संशय नको' म्हणून जवळजवळ सगळंच संसर्गजन्य कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकतात. माझे सीनियर म्हणतात, मोठ्या हॉस्पिटलांपुढे तुझा कचरा तो काय, आणि सीलबंद वस्तू दिसली की पेशंटचा विश्वास बसतो. कापडी ड्रेप (शस्त्रक्रियेच्या जागेभोवती पसरायची निर्जंतुक कापडं) वापरून पाहिले, पण पावसाळ्यात ते वाळता वाळत नाहीत. ग्लोव्हज्, पंच (त्वचेचा गोल तुकडा कापायचं नळीसारखं पातं), तयार पॅक (एका शस्त्रक्रियेच्या सामानाचा निर्जंतुक संच) यांतलं काय कमी करू, कशाला हात लावू नको आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर:

प्रिय डॉक्टर,

तुमच्या सीनियरांचा पहिला मुद्दा मला पटत नाही. 'हेल्थ केअर विदाऊट हार्म' या संस्थेच्या 2019 च्या अहवालानुसार जगभरातल्या हरितगृह वायूंच्या निव्वळ उत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा 4.4 टक्के आहे. तो काही फक्त मोठ्या हॉस्पिटलांच्या आयसीयूमधून येत नाही. आणि आपल्या शाखेचं काम तर छोटं असलं तरी संख्येने प्रचंड असतं. तीच चामखीळ, तोच पंच, तोच पॅक, दिवसातून कितीतरी वेळा. म्हणून आपल्याकडे एका पॅकमधून एक वस्तू कमी केली की ती वर्षभर कमी होत राहते. हृदयाच्या शस्त्रक्रियेत असा बदल करायला दहा जणांना विचारावं लागेल. तुम्हाला फक्त स्वतःला आणि सिस्टरना विचारायचं आहे.

पण कमी करण्याच्या यादीआधी मी जपण्याची यादी देणार आहे, कारण काटकसरीच्या उत्साहात चूक होते ती नेमकी इथे.

एकदा वापरलेली सुई, ब्लेड किंवा डिस्पोजेबल पंच दुसऱ्या पेशंटला वापरायचा नाही, ऑटोक्लेव्ह करूनसुद्धा (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करूनसुद्धा) नाही. डिस्पोजेबल पंचाचं पातं पुन्हा तापवून वापरण्यासाठी बनवलेलंच नसतं. त्याच्या पोकळीत रक्त अडकतं, धार जाते, मग जखम ओबडधोबड होते आणि बायोप्सीचा तुकडा चिरडून पॅथॉलॉजिस्टच्या हाती पडतो. त्वचेला बारीक सुयांनी टोचणारे डर्मारोलर आणि मायक्रोनीडलिंगची टिपही तशीच, एका माणसाची ती एकाच माणसाची. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये परवाना नसलेल्या एका स्पामध्ये पीआरपी फेशियल (रक्तातून वेगळा केलेला प्लेटलेटयुक्त द्रव चेहऱ्यात टोचणं) करून घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचं 2018 पासूनच्या तपासात उघड झालं. तिथे स्वयंपाकघराच्या ओट्यावर नाव न लिहिलेल्या रक्ताच्या नळ्या सापडल्या आणि इंजेक्शनं फ्रीजमध्ये खाण्याच्या पदार्थांशेजारी ठेवलेली होती. लोकलच्या, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाच्या, मल्टिडोस वायलमध्ये (अनेक डोसांच्या बाटलीत) प्रत्येक वेळी नवी सुई आणि नवी सिरिंज जायला हवी. पेशंटला टोचलेली सुई बदलून तीच सिरिंज वायलमध्ये घालणं हेसुद्धा नाही. वायल उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि मुदत संपली की ती टाकून द्या, आत कितीही औषध उरलेलं असो. चामखीळ कॉटरीने (विजेवर तापणाऱ्या उपकरणाने) जाळताना निघणाऱ्या धुरात विषाणूचे अंश असू शकतात, तेव्हा धूर ओढणारं यंत्र आणि चांगला मास्क यांतही काटछाट नको.

एवढं पक्कं ठरलं की बाकीच्या गोष्टींकडे मोकळ्या मनाने बघता येतं.

सुरुवात सिस्टरपासून करा. त्यात पैसा लागत नाही आणि फरक लगेच दिसतो. 'संशय नको म्हणून पिवळ्यात' हे आपल्याकडे घरोघरच्या क्लिनिकमध्ये चालतं, आणि त्यामागे आळस नसून भीती असते. सिस्टरना कुणी नीट सांगितलेलंच नसतं की पिवळी पिशवी जाते कुठे. ती जाते भट्टीत. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे भट्टीच्या दुसऱ्या कक्षात साधारण 1050 अंश सेल्सियस तापमान राखावं लागतं, त्यासाठी इंधन जळतं, आणि क्लोरीन असलेलं प्लास्टिक आत गेलं तर डायॉक्सिन आणि फ्युरानसारखी विषारी द्रव्यं तयार होऊ शकतात. ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांच्या कचऱ्यावर 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक टन कचरा उच्च तापमानाच्या भट्टीत जाळल्यावर 1074 किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन निघालं. तोच कचरा पुनर्चक्रणाला गेला तर आकडा 21 ते 65 किलोंच्या घरात. आपल्याकडच्या भट्ट्यांचे आकडे वेगळे असतील, पण दिशा हीच.

आता तुमच्या ओटीत ही विभागणी कशी बसते बघा. रक्त लागलेलं गॉज, कापूस, ड्रेसिंग, काढलेला मांसाचा तुकडा, मुदत संपलेली औषधं हे सगळं पिवळ्यात. वापरलेले ग्लोव्हज् आणि सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत. लाल पिशवीतलं प्लास्टिक निर्जंतुक करून, त्याचे तुकडे करून पुनर्वापरासाठी पाठवता येतं, म्हणून ग्लोव्हज् पिवळ्यात टाकणं हा दुहेरी तोटा. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. काचेच्या वायल आणि फुटलेले अँप्यूल निळ्या खुणेच्या डब्यात. आणि सिरिंजचं वरचं वेष्टन, ग्लोव्हजच्या जोडीचा कागद, टाक्याच्या पाकिटाचं बाहेरचं कव्हर, हात पुसलेला टिश्यू? हा साधा सुका कचरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार आरोग्यसेवेतला सुमारे 85 टक्के कचरा घरच्या कचऱ्याइतकाच निरुपद्रवी असतो. तुमच्या पिवळ्या पिशवीतला मोठा भाग बहुधा हाच असेल.

म्हणून ओटीत सुक्या कचऱ्याची टोपली ट्रॉलीच्या जवळ ठेवा आणि पिवळी बादली टेबलाच्या पायथ्याशी. हात जिथे आपोआप जातो तिथे योग्य डबा असला की भिंतीवरच्या तक्त्याची फारशी गरज राहत नाही. एक दिवस सिस्टर आणि मावशी दोघींना शेजारी उभं करून एक आख्खी केस त्यांच्यासमोर करा आणि प्रत्येक वस्तू हातातून सुटताना तिचा डबा सांगा. मावशींना वगळू नका. पिशवीतून बाहेर आलेली सुई सगळ्यात आधी त्यांनाच लागते. पिवळ्यातला कचरा 48 तासांपेक्षा जास्त साठवायचा नसतो, आणि तुमच्याकडे पावसात रस्ता बंद पडला की गाडीचा खोळंबा होतो. त्यासाठीही पिशवी हलकी असलेली बरी.

आता पॅककडे वळू, कारण माझ्या मते तुमच्या पत्राचं खरं उत्तर तिथे आहे. कचरा बादलीत पडतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. तो तयार होतो पॅक फोडताना.

कानाची पाळी घ्या. आपल्याकडच्या बायकांची ही नेहमीची तक्रार. वर्षानुवर्षं जड कुड्या, झुबे घालून भोक ओघळतं आणि एक दिवस पाळी आरपार फाटते. ही शिवायला लागतं काय? जेमतेम एक-दोन मिली लोकल, एक सिरिंज, एक बारीक सुई, पंधरा नंबरचं ब्लेड, दाताची बारीक फोर्सेप्स, नीडल होल्डर, कात्री, एक टाका, चार-पाच गॉज, भोक असलेला एक छोटा ड्रेप. आता बाजारातला तयार डिस्पोजेबल पॅक उघडून टेबलावर पसरा. पूर्ण टेबल झाकणारं प्लास्टिकचं अस्तर, दोन-तीन मोठे ड्रेप, प्लास्टिकची वाटी, प्लास्टिकचा चिमटा, हात पुसायचे टॉवेल, गॉजची जाड चवड, कधी एक गाऊनसुद्धा. पोट उघडायला निघाल्यासारखा थाट, आणि शिवायची कानाची पाळी. त्यातलं निम्मं सामान हात न लागता कचऱ्यात जातं, आणि निर्जंतुक पॅक एकदा फुटला की उरलेलं परत ठेवता येत नाही.

म्हणून पॅक फोडण्याआधी मोठ्याने एकच प्रश्न विचारायचा: यातलं काय लागणार? सिस्टरना सांगा, 'जास्तीचं फोडू नका, जवळ ठेवा. लागलं तर मी मागेन.' गॉज पाच-पाचच्या छोट्या पुड्यांत ऑटोक्लेव्ह करून ठेवा. तीन प्रकारचे ट्रे ठरवा: बायोप्सीचा, शिवण्याचा आणि ग्राफ्टिंगचा. स्टीलच्या अवजारांना पर्याय शोधू नका. चांगल्या पोलादाची कात्री आणि फोर्सेप्स नीट धुतली, वंगण दिलं, धार लावून घेतली तर ती वर्षानुवर्षं साथ देतात. एकदा वापरून टाकायचं स्टीलचं अवजार म्हणजे खाणीतून काढलेलं लोखंड दहा मिनिटांच्या कामासाठी वाया घालवणं, आणि ते मला अगदी मनापासून खटकतं. कोडाच्या ग्राफ्टिंगसाठी पुन्हा वापरता येणारे स्टीलचे पंच मिळतात. त्यांची धार मात्र भिंगाखाली तपासत राहा.

ग्लोव्हजचा प्रश्न दोन भागांत आहे.

पहिला, निर्जंतुक की डब्यातले स्वच्छ? याचा चांगला अभ्यास झालेला आहे. 2016 मध्ये 'जामा डर्मेटॉलॉजी'त आलेल्या आढाव्यात त्वचेच्या आणि दातांच्या बाह्यरुग्ण शस्त्रक्रियांमधले 11,071 रुग्ण होते. साधे स्वच्छ ग्लोव्हज् वापरले तेव्हा जखमेत जंतुसंसर्ग झाला 2.1 टक्के लोकांना, निर्जंतुक वापरले तेव्हा 2.0 टक्के लोकांना. त्याआधी 2015 मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या मकाय इथे सामान्य प्रॅक्टिसमधल्या छोट्या एक्सिजनवर (त्वचेवरचा डाग, गाठ कापून काढण्यावर) झालेल्या चाचणीतही साधे ग्लोव्हज् कमी पडले नाहीत. तेव्हा मस, बायोप्सी, छोटी गाठ, साधे टाके यांना डब्यातले स्वच्छ ग्लोव्हज् पुरतात. त्यांना जोडीगणिक प्लास्टिक-कागदाचं वेष्टन नसतं आणि किंमतही कितीतरी कमी. अट एवढीच, की डबा ओल्या हाताने उघडायचा नाही, ओटीच्या सिंकजवळ शिंतोड्यांत ठेवायचा नाही आणि हात आधी स्वच्छ करायचे. फ्लॅप (शेजारची त्वचा सरकवून जखम झाकणं), ग्राफ्ट, लांबणारी केस, प्रतिकारशक्ती कमी असलेला पेशंट असेल तिथे निर्जंतुकच घाला. ही सीमारेषा तुम्ही स्वतः आखायची आणि लिहून ठेवायची.

दुसरा भाग माझ्या जास्त जिव्हाळ्याचा आहे. ओपीडीत पेशंट तपासताना ग्लोव्हज् कशाला? खरूज असेल, ओली जखम असेल, तोंडाच्या आत बघायचं असेल, तर जरूर घाला. पण कोड, सोरायसिस, इसब, वांग, मुरुमं असलेल्या अखंड त्वचेला उघड्या हाताने स्पर्श करायचा आणि मग हात धुवायचे. कोड असलेल्या मुलीला घरातल्यांनी वेगळं ताट दिलेलं असतं. कुष्ठरोगाचं औषध पूर्ण झालेल्या माणसाशेजारी एसटीत कुणी बसत नाही. अशा माणसाचा हात डॉक्टरने ग्लोव्हज् चढवून धरला, तर त्याने ऐकलेलं सगळं खरं ठरतं. बरोबर आलेले नातेवाईकही डॉक्टरच्या हाताकडेच बघत असतात. बाबा आमट्यांचं आनंदवन आणि दाजीसाहेब पटवर्धनांचं तपोवन ज्या महाराष्ट्रात कुष्ठरुग्णांसाठी उभं राहिलं, तिथल्या त्वचारोगतज्ज्ञाला हे वेगळं सांगायला नको, पण कोविडनंतर आपली सवय बदलली आहे. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलने 2018 मध्ये विनाकारण ग्लोव्हज् घालू नका अशी मोहीम काढली आणि वर्षभरात सुमारे 21 टन प्लास्टिक वाचवलं. तुमच्या क्लिनिकमध्ये किलोंची बचत होईल. त्वचा बघायला आलेल्या माणसाला स्पर्श मिळेल, ही बचत वजनात मोजता येत नाही, पण मला ती मोठी वाटते.

कापडी ड्रेप कोकणात वाळत नाहीत, ही अडचण खरी आहे आणि तिच्याशी तडजोड करू नका. ओलसर कापडातून जंतू आरपार जातात, त्यामुळे दमट पॅक निर्जंतुक धरायचा नाही, मग त्यावरच्या टेपवर कितीही काळे पट्टे उमटलेले असोत. ती टेप पॅक गरम झाला एवढंच सांगते. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये गुंडाळलेलं सामान 121 अंशांवर 30 मिनिटं राहायला हवं, आणि नंतर झाकण किलकिलं ठेवून पॅक आतच पूर्ण वाळू द्यायला हवा. मध्येच वीज गेली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. पॅकच्या पोटात रासायनिक इंडिकेटर ठेवा आणि ठरावीक दिवसांनी जिवाणूंच्या बीजाणूंची चाचणी लावा. ऑक्टोबर ते मे कापडी ड्रेप वापरा, पावसाळ्याचे चार महिने छोट्या आकाराचे डिस्पोजेबल. वर्षाचे दोन तृतीयांश महिने कापड वापरलं तरी ते थोडं नाही. सुती कापड जुनं होऊन विरळ झालं, उजेडात धरल्यावर आरपार दिसू लागलं, की ते ओटीतून काढा. मावशींना फरशी पुसायला द्या.

शस्त्रक्रिया संपली की कचरा संपला असं वाटतं, पण तो पेशंटबरोबर घरी जातो. स्वच्छ छोट्या जखमेवर अँटिबायोटिक मलमाची ट्यूब लिहून देण्याची आपली सवय जुनी आहे. 1996 मध्ये 'जामा'त आलेल्या चाचणीत 922 रुग्णांपैकी काहींना साधं पांढरं व्हॅसलिन दिलं, काहींना बॅसिट्रॅसिन हे अँटिबायोटिक मलम. जंतुसंसर्गात लक्षणीय फरक नव्हता, उलट बॅसिट्रॅसिनवाल्यांपैकी काहींना ॲलर्जी उठली. म्हणजे व्हॅसलिनच्या एका छोट्या डबीत काम भागतं, आणि म्युपिरोसिन, फ्युसिडिक ॲसिड ही अँटिबायोटिक औषधं खऱ्या संसर्गासाठी राखून ठेवता येतात. जंतू औषधांना दाद देईनासे होणं हे आपल्या हातून होणारं सगळ्यात महागडं प्रदूषण आहे. ते कुठल्याच पिशवीत बांधून गाडीत चढवता येत नाही.

ट्यूबांचं तर विचारूच नका. इसबासाठी दिलेली स्टेरॉइडची ट्यूब अर्धी उरते, फ्रीजच्या दारात पडून राहते, मग पुतणीच्या मुरुमांवर, शेजारणीच्या वांगावर, कुणाच्या नायट्यावर लागते. चेहरा लाल, पातळ, केसाळ होऊन ती मुलगी सहा महिन्यांनी तुमच्याकडेच येते. 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, घातली, तरी मेडिकलमध्ये नुसतं नाव सांगून ट्यूब मिळते हे आपण दोघीही जाणतो. आपल्या हातात आहे ते म्हणजे मोजून लिहिणं. फिंगरटिप युनिट आठवा: ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर काढलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एवढ्यात एका हाताच्या पंजाच्या दोन्ही बाजू होतात. दिवसातून दोनदा, दोन आठवडे लावायचं असेल तर 14 ग्रॅम, म्हणजे 15 ग्रॅमची एक ट्यूब बरोबर संपते. पण एका पायाला सहा युनिट लागतात, म्हणजे एका वेळी तीन ग्रॅम आणि आठवड्याला 42. तिथे 15 ग्रॅमची एक ट्यूब लिहिली तर पेशंट पातळ लावतो, गुण येत नाही, दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, नव्या ट्यूबा घेतो. कमी लिहिण्यानेही कचरा वाढतो, हे लक्षात ठेवा. चिठ्ठीवर 'लावा' एवढंच लिहू नका. किती पेरं, किती दिवस आणि उरलं तर काय, हे लिहा. पेरभर मलम पेशंटच्या बोटावर एकदा स्वतः काढून दाखवा.

एमआरनी (औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींनी) दिलेली सॅम्पलं नाकारायला लागा. ड्रॉवरमध्ये मुदत संपून ती शेवटी तुमच्याच पिवळ्या पिशवीत जातात, आणि भट्टीचा खर्च तुमचा. कोरड्या त्वचेला पंपाच्या बाटलीऐवजी घाण्याचं खोबरेल चालत असेल तर तेच सांगा. तुमच्याकडे ते दारात आहे. चेहऱ्यावर मुरुमं असतील तर मात्र नको.

आता पेशंटच्या प्रवासाकडे या. टाके काढायला आडगावातून दोन एसटी बदलून येणारी बाई तिच्या दिवसाची मजुरी बुडवते, आणि तुम्ही तिला पाच मिनिटं देता. पाळीला आणि चेहऱ्याला जिथे बसेल तिथे विरघळणारा टाका घाला. दिसण्यात फारसा फरक पडत नाही. इतर ठिकाणी टाके काढायचं काम तिच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरकडे चिठ्ठी देऊन सोपवा. केंद्र सरकारने 25 मार्च 2020 ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढल्यापासून व्हिडिओवर जखम बघून सल्ला देणं नियमात बसतं. फोटो उजेडात, जवळून आणि लांबून असे दोन काढायला घरच्यांना शिकवा. पण नवा काळा डाग किंवा वाढणारी गाठ फोनवर बघून निकालात काढू नका, तिथे माणूस समोरच हवा. आणि बायोप्सी करताना तपासायची गाठ पुरेशी छोटी असेल तर त्याच बैठकीत ती पूर्ण काढून टाका. एक फेरी, एक पॅक, एक लोकल वाचतं. त्याहून मोठी बचत म्हणजे गरज नसलेली शस्त्रक्रिया न करणं. लग्नाआधी घाईने मानेवरचा निरुपद्रवी तीळ काढून मागणाऱ्या मुलीशी दहा मिनिटं बोला. मानेवर, खांद्यावर केलॉइडचा (वाढत जाणाऱ्या जाड वणाचा) धोका असतो हे कळल्यावर तिलाच कदाचित तो तीळ आवडायला लागेल.

राहिला पेशंटच्या विश्वासाचा प्रश्न. सीलबंद पाकीट बघून बरं वाटतं हे खरं. म्हणून जे सीलबंदच असायला हवं, ती सुई आणि ते ब्लेड, पेशंटच्या डोळ्यांसमोर फोडा. सिस्टरना हात धुताना पेशंटला दिसू द्या. ऑटोक्लेव्हची तारीख पॅकवर मोठ्या अक्षरात लिहा आणि 'हे काल निर्जंतुक केलंय' असं बोलून दाखवा. लोकांना समजतं. आपण समजावत नाही म्हणून ते प्लास्टिकवर विसंबतात.

आणि एकट्या लढू नका. तुमच्या तालुक्यात दाताचे, कान-नाक-घशाचे, स्त्रीरोगाचे डॉक्टर असतीलच. आठवडाभर पिशव्यांचं रंगवार वजन करून वहीत लिहा आणि ती वही घेऊन त्यांच्याकडे जा. पाच क्लिनिकांनी मिळून पुरवठादाराला सांगितलं की आम्हाला दोन ड्रेप आणि पाच गॉजचाच पॅक हवा, तर तो बनवून देईल. एकट्या डॉक्टरला तो कॅटलॉग दाखवून परत पाठवतो.

तुमची,
त्वचारोगतज्ज्ञ, 'सल्ला' सदर